मौन म्हणजे संमती? परदेशातलं सैन्य आणि संसदेचं मत

दिवाळीत घरी गेले होते, तेव्हा मावशीने नेहमीचा प्रश्न विचारला, "तुझं ते पीएचडीचं नक्की कशावर चाललंय गं?" मी सांगितलं, "एका देशाचं सैन्य दुसऱ्या देशात वर्षानुवर्षं राहतं, तेव्हा त्याला परत बोलवायचा अधिकार कोणाचा, यावर." मावशी म्हणाली, "त्यात काय शोधायचं? ज्याने पाठवलं त्याचा!"

तर्क म्हणून उत्तर चुकीचं नाही. पण ज्याने पाठवलं त्याला ते परत आणायचंच नसेल तर? किंवा पाठवणारा पायउतार झाला, दुसरा आला, तिसरा आला, आणि सैन्य तिथेच आहे, असं झालं तर? तेव्हा लोकांनी निवडून दिलेली संसद काय करू शकते? माझा विषय हा आहे. आजची पोस्ट त्यातल्या एका प्रकरणावर, कारण त्या प्रकरणाने माझा एक अख्खा चॅप्टर मोडीत काढला.

मी मूळची फिजिक्सची. एम.एस्सी. करून या विषयाकडे वळले, त्यामुळे सुरुवातीला सगळ्याचा तक्ता करायची खोड होती. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला त्यांच्या संसदांचे अधिकार: युद्ध घोषित करता येतं का, पैसे रोखता येतात का, करार मंजूर करावा लागतो का. गृहीतक सोपं होतं. ज्या संसदेकडे कागदावर जास्त अधिकार, तिचा सैन्यावर जास्त ताबा. तक्त्यात अमेरिका सगळ्यात वर होती आणि इराक जवळजवळ तळाला. गाईडनी तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "आणि मत पडलंच नाही तर काय होतं? तो रकाना कुठे आहे?"

तो रकाना नव्हता. तो भरताना जे सापडलं, ते खाली सांगते.

युद्ध सुरू करणं वेगळं, मुक्काम करणं वेगळं

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली. ती लिहिणाऱ्यांना राजाच्या खड्या सैन्याची धास्ती होती. म्हणून युद्ध घोषित करण्याचा अधिकार त्यांनी काँग्रेसला दिला (म्हणजे तिथल्या संसदेला; आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत नको). राष्ट्राध्यक्ष सैन्याचा सरसेनापती, पण सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी मंजूर करायचा नाही, असं घटनेतच लिहून ठेवलं. परदेशांशी होणाऱ्या तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतील, अशीही अट घातली. थोडक्यात, राष्ट्राध्यक्षाला तीन कुलपं लावली: युद्धाची घोषणा, पैसा आणि तह.

ही कुलपं युद्ध सुरू करण्याच्या दारावर ठीक होती. पण युद्ध संपल्यावरही दुसऱ्याच्या देशात तळ ठोकून राहायचं, आणि तेही पिढ्यान् पिढ्या, ही गोष्ट १७८७ मध्ये कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

ती समोर आली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४९ मध्ये नाटो कराराला सिनेटची मंजुरी हवी होती. सुनावणीत एका सिनेटरने परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांना विचारलं, की या करारामुळे आपल्याला युरोपात मोठ्या संख्येने सैन्य कायमचं ठेवावं लागेल का? अॅचेसन यांचं उत्तर होतं, अजिबात नाही. दीड वर्षही उलटलं नाही, कोरियात युद्ध पेटलं आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी युरोपात जादा सैन्य पाठवायचा निर्णय जाहीर केला. त्यावर १९५१ च्या सुरुवातीला सिनेटमध्ये तीन महिने वाद झाला. इतिहासात त्याला 'थोर वादविवाद' असंच नाव पडलंय. रॉबर्ट टाफ्ट यांच्यासारखे सिनेटर म्हणत होते की हा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा एकट्याचा नाही. शेवटी ४ एप्रिल १९५१ ला ६९ विरुद्ध २१ मतांनी ठराव झाला: चार डिव्हिजन पाठवायला हरकत नाही, पण यापुढे काँग्रेसला विचारल्याशिवाय आणखी पाठवू नका.

ठराव कडक वाटतो ना? पण त्याला कायद्याचं बळ नव्हतं. ते फक्त सिनेटचं मत होतं. सैन्य गेलं आणि राहिलं. वीस वर्षांनी, मे १९७१ मध्ये, सिनेटमधले बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी युरोपातलं सुमारे तीन लाखांचं अमेरिकन सैन्य निम्म्यावर आणायची दुरुस्ती मांडली. ती ३६ विरुद्ध ६१ मतांनी पडली.

इथे जरा थांबून बघा. १९५१ मध्ये प्रश्न होता, 'पाठवायचं का?' १९७१ मध्ये प्रश्न झाला, 'परत आणायचं का?' सैन्य तेच, पण बहुमत जमवायची जबाबदारी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकली होती. १९७१ मध्ये कोणी काहीच केलं नसतं, तरी सैन्य तिथेच राहणार होतं. फिजिक्समध्ये याला आम्ही जडत्व म्हणतो: स्थिर वस्तू बाहेरून बळ लागेपर्यंत स्थिरच राहते.

एका विद्यार्थ्याचा संपलेला व्हिसा

व्हिएतनाममध्ये हात पोळल्यावर काँग्रेसने हे जडत्व उलटं फिरवायचा प्रयत्न केला. १९७३ चा युद्धाधिकार कायदा निक्सन यांनी नकाराधिकार वापरून अडवला. ७ नोव्हेंबर १९७३ ला दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढला. कायद्याची रचना हुशारीची होती. राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत घातलं की ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं. ६० दिवसांत काँग्रेसने परवानगी दिली नाही, तर सैन्य मागे घ्यायचं, फार तर आणखी ३० दिवसांची सवलत. म्हणजे इथे काँग्रेस गप्प बसली तर उत्तर 'नाही' होतं. त्याशिवाय दोन्ही सभागृहांनी साधा संयुक्त ठराव केला, तरी राष्ट्राध्यक्षाच्या सहीशिवाय सैन्य परत बोलावता येणार होतं.

मग हे बिनसलं कुठे? दोन ठिकाणी.

पहिली पळवाट शब्दांची. ६० दिवसांचं घड्याळ 'लढाई' सुरू असेल तरच चालू होतं. तळावर शांतपणे बसलेल्या सैन्यासाठी ते चालूच होत नाही. वर, जवळजवळ प्रत्येक राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला कळवताना 'या कायद्यानुसार' असं न लिहिता 'या कायद्याशी सुसंगत' असं लिहितो. एका शब्दाचा फरक, पण त्यातून कायदा आपल्यावर बंधनकारक आहे हे मान्य करायचं टळतं. २०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले चालू असताना ६० दिवस उलटले, तेव्हा ओबामा सरकारने ही कायद्याच्या अर्थाने 'लढाई'च नाही, असा युक्तिवाद केला होता.

दुसरी गोष्ट मला जास्त चटका लावून गेली, कदाचित मीही विद्यार्थी आहे म्हणून. जगदीश राय चढ्ढा हा भारतीय वंशाचा, केनियात जन्मलेला, ब्रिटिश पासपोर्टवरचा मुलगा १९६६ मध्ये ओहायोत शिकायला गेला. १९७२ मध्ये त्याचा विद्यार्थी व्हिसा संपला. परत पाठवल्यास त्याची फार ओढाताण होईल, हे न्यायाधीशाने मान्य केलं आणि त्याला राहू दिलं. पण तेव्हाच्या कायद्यात एक तरतूद होती: काँग्रेसचं एक सभागृह एकटंच असा निर्णय फिरवू शकत होतं. डिसेंबर १९७५ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावं बाजूला काढली आणि चर्चा न करता त्यांची परवानगी रद्द केली. त्यात चढ्ढाचं नाव होतं.

तो कोर्टात गेला. २३ जून १९८३ ला सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही सभागृहांची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षापुढे सहीसाठी सादर करणं, या वाटेने न गेलेला काँग्रेसचा कोणताही निर्णय कोणावर बंधनकारक ठरू शकत नाही, असं न्यायालय म्हणालं. चढ्ढाला न्याय मिळाला, आणि ते योग्यच झालं. पण त्याच फटक्यात अशा पद्धतीच्या जवळपास दोनशे कायद्यांमधल्या तरतुदी धोक्यात आल्या. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी त्यांची यादीच जोडली. त्यात १९७३ चा युद्धाधिकार कायदाही होता.

परिणाम काय झाला? आता सैन्य परत बोलवायचं तर रीतसर कायदा करायचा. राष्ट्राध्यक्ष त्यावर नकाराधिकार वापरणार. तो मोडायला दोन तृतीयांश मतं हवीत. म्हणजे शंभर सिनेटरांपैकी ३४ जण राष्ट्राध्यक्षाच्या मागे उभे राहिले, तर सैन्य हलत नाही. हे नुसतं गणित नाही. येमेनमधल्या सौदी युद्धाला मिळणारी अमेरिकी लष्करी मदत थांबवायचा ठराव २०१९ मध्ये सिनेटने ५४ विरुद्ध ४६ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध १७५ मतांनी मंजूर केला. ट्रम्प यांनी तो फेटाळला, आणि सिनेटला दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. दोन्ही सभागृहांत बहुमत असूनही विषय तिथेच संपला.

बगदादमधलं मतदान

आता ज्या प्रकरणाने माझा चॅप्टर मोडला, ते.

ऑक्टोबर २००२ मध्ये काँग्रेसने बुश यांना इराकवर बळ वापरायची परवानगी दिली. मार्च २००३ मध्ये हल्ला झाला, एप्रिलमध्ये बगदाद पडलं. त्यानंतर अमेरिकन सैन्य इराकमध्ये राहण्याला कायदेशीर आधार होता तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा, आणि तो वर्षावर्षाने वाढवला जात होता. शेवटची मुदत होती ३१ डिसेंबर २००८.

ही तारीख जवळ येत असताना, २६ नोव्हेंबर २००७ ला बुश आणि इराकचे पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांनी एका तत्त्वजाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे दोन देशांत दीर्घकालीन करार करायचा आणि त्यात परकीय आक्रमणापासून इराकच्या संरक्षणाची हमीही असेल, असं त्यात होतं. दुसऱ्या देशाच्या रक्षणाची हमी देणं हा तहाचा विषय, म्हणजे सिनेटचा. पण व्हाइट हाउसमधले इराकचं काम पाहणारे जनरल डग्लस ल्यूट यांनी त्याच दिवशी सांगितलं, की हा औपचारिक तह होईल आणि काँग्रेसला त्यात औपचारिक भाग घ्यावा लागेल, असं आम्हाला वाटत नाही.

काँग्रेसमध्ये आवाज उठला. सुनावण्या झाल्या, कायद्याचे प्राध्यापक साक्षीला आले, विधेयकं मांडली गेली. संरक्षण खर्चाच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलं गेलं, की इराकमध्ये कायमचे तळ बांधायला हा पैसा वापरायचा नाही. बुश यांनी २८ जानेवारी २००८ ला त्या कायद्यावर सही केली आणि सोबत एक निवेदन जोडलं: या कलमासकट काही कलमं माझ्या घटनात्मक अधिकारांना बाधा येणार नाही अशा पद्धतीने मी राबवीन. म्हणजे सही तर केली, पण हात बांधून घेतले नाहीत. आणि 'कायमचा' म्हणजे किती वर्षं, हे कोण ठरवणार? तात्पुरतं म्हणून टाकलेलं पत्र्याचं शेड आपल्याकडेही वीस वर्षं उभं असतंच की.

आता दुसरी बाजू. इराकच्या संसदेची अवस्था काय होती, ते आठवा. देशात यादवीसारखी परिस्थिती, राजधानीत परकीय सैन्य, संसदेची इमारतसुद्धा त्याच सैन्याच्या पहाऱ्यातल्या भागात. माझ्या तक्त्यात ही संसद तळाला होती. पण तिच्या हातात एक गोष्ट होती: करार तिच्यापुढे आणल्याशिवाय मलिकी यांना तो राजकीयदृष्ट्या पेलणारच नव्हता, आणि तिने मत दिलं नाही तर ३१ डिसेंबरला अमेरिकन सैन्याच्या पायाखालचा कायदेशीर आधार जाणार होता. सुरक्षा परिषदेकडून आणखी मुदत मागणं शक्य होतं, पण ते कोणालाच नको होतं.

त्या एका तारखेने वाटाघाटी फिरल्या. अमेरिकेला ठरलेली तारीख नको होती. जून २००८ मध्ये मलिकी जाहीरपणे म्हणाले, की बोलणी अडली आहेत. त्याआधी सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी १७ इराकी नागरिकांना गोळ्या घातल्या होत्या, आणि अशा लोकांवर इराकी कोर्टात खटला चालत नव्हता. तो राग संसदेत होता, रस्त्यावर होता. १७ नोव्हेंबर २००८ ला ज्या करारावर सह्या झाल्या, त्यात लिहिलं होतं: ३० जून २००९ पर्यंत लढाऊ तुकड्या शहरांबाहेर, ३१ डिसेंबर २०११ पर्यंत सगळं सैन्य देशाबाहेर. खासगी कंत्राटदारांवर खटले इराकी कायद्याने. इराकच्या भूमीवरून दुसऱ्या देशावर हल्ला नाही.

२७ नोव्हेंबर २००८ ला इराकच्या संसदेने यावर मतदान केलं. २७५ जणांच्या सभागृहात दोनशेच्या आसपास सदस्य हजर होते, त्यांतल्या सुमारे दीडशे जणांनी बाजूने मत दिलं. विरोधकांनी बाकं वाजवली, घोषणा दिल्या. मतं मिळवण्यासाठी सरकारला पुढे सार्वमत घ्यायचं वचन द्यावं लागलं (ते सार्वमत कधी झालं नाही, हेही नोंदवते).

आणि वॉशिंग्टनमध्ये? तिथे या करारावर मतदान झालंच नाही. ना सिनेटमध्ये, ना प्रतिनिधिगृहात. ज्या देशाचं सैन्य होतं, त्याच्या संसदेने मत दिलं नाही. ज्या देशात सैन्य होतं, त्याच्या संसदेने दिलं. दोनशे वर्षांपूर्वीची तीन कुलपं जिथे होती तिथेच राहिली, आणि सैन्य परत जायची तारीख बगदादमध्ये ठरली.

२०११ मध्ये ओबामा सरकारला काही हजार सैनिक ठेवायचे होते. अमेरिकन वकिलांचं म्हणणं होतं, की आपल्या सैनिकांना इराकी खटल्यांपासून संरक्षण हवं आणि ते इराकच्या संसदेनेच मंजूर करायला हवं. इराकी पक्ष प्रशिक्षक ठेवायला तयार होते, संरक्षणाला नव्हते. मत पडलं नाही. घोंगडं भिजत राहिलं असतं तर एरवी सैन्यही राहिलं असतं. इथे मात्र गप्प बसण्याचा अर्थ 'जा' असा होता. १८ डिसेंबर २०११ ला शेवटचा ताफा सीमा ओलांडून कुवेतमध्ये गेला.

तीच संसद, उलटा निकाल

इथे गोष्ट संपवली असती तर चॅप्टर सुंदर झाला असता. पण २०१४ मध्ये आयसिसने मोसुल घेतलं आणि इराक सरकारच्या विनंतीवरून अमेरिकन सैन्य परतलं. या वेळी आधार होता दोन सरकारांमधल्या पत्रव्यवहाराचा. संसदेची मंजुरी नाही आणि शेवटची तारीखही नाही.

३ जानेवारी २०२० ला अमेरिकेने बगदाद विमानतळाजवळ इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना ठार केलं. दोनच दिवसांनी इराकच्या संसदेने ठराव केला, की परकीय सैन्य देशाबाहेर काढा. बहुतेक कुर्द आणि सुन्नी सदस्य गैरहजर राहिले. ठराव बंधनकारक नव्हता, पंतप्रधान काळजीवाहू होते. वर्षभराने अमेरिकेने संख्या २,५०० वर आणली, पण सैन्य राहिलं.

सभागृह तेच आहे, लक्षात घ्या. २०११ मध्ये ते काहीच बोललं नाही आणि सैन्य गेलं. २०२० मध्ये ते ओरडून बोललं आणि सैन्य राहिलं. संसदेची ताकद बदलली नव्हती. बदलला होता तो गाईडनी विचारलेला रकाना. सुलेमानींच्या हत्येसाठी अमेरिकन सरकारने जे आधार दिले, त्यांत २००२ ची ती परवानगीही होती. सद्दामची राजवट पडून तेव्हा सतरा वर्षं होत आली होती. मार्च २०२३ मध्ये सिनेटने ती परवानगी रद्द करायच्या बाजूने ६६ विरुद्ध ३० मतं दिली, तोपर्यंत वीस वर्षं झाली होती. युद्ध सुरू करायच्या परवानगीवर एक्सपायरी डेट नव्हती, एवढंच त्याचं कारण.

मग उपाय काय?

जर्मनीत उलट पद्धत आहे. तिथल्या घटना न्यायालयाने १२ जुलै १९९४ ला निकाल दिला, की सशस्त्र सैन्य परदेशी पाठवायला संसदेची आधी मंजुरी हवीच. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने प्रस्तावात किती सैनिक, कुठे, किती काळ आणि किती खर्च हे लिहायचं. मंजुरी बहुधा वर्षभराची असते. वर्ष संपलं की पुन्हा मत, नाहीतर सैन्य परत. नोव्हेंबर २००१ मध्ये दहशतवादविरोधी मोहिमेत सैन्य पाठवण्याचा प्रस्ताव चान्सलर श्र्योडर यांनी विश्वासदर्शक ठरावाला जोडला, तेव्हा ३३४ मतं हवी होती आणि ३३६ मिळाली. सरकार दोन मतांवर तरलं.

पण हा रामबाण नाही. अफगाणिस्तानातल्या सैन्याला जर्मन संसदेने अशी मंजुरी २०२१ पर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षं, पुन्हा पुन्हा दिलीच. दरवर्षीचं मतही सवयीचं होऊ शकतं. फरक इतकाच, की प्रत्येक वेळी सदस्यांना उभं राहून 'हो' म्हणावं लागलं, आणि ते कोणी म्हटलं याची नोंद राहिली.

आपल्याकडे? आपल्या राज्यघटनेत सैन्य परदेशी पाठवायला संसदेच्या पूर्वमंजुरीची अट नाही. २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडेही इराकसाठी सैन्य मागितलं होतं. संसदेत त्या युद्धाविरुद्ध एप्रिलमध्ये ठराव झाला होता, पण जुलैमधला नकार हा वाजपेयी मंत्रिमंडळाचा निर्णय होता. होकारही मंत्रिमंडळच देऊ शकलं असतं.

हे सगळं मी मावशीला माझ्या परीने सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "शेजारचे काका आठवतात का तुला? शांतिसेनेत श्रीलंकेला होते. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले आणि दोन दिवाळ्या तिकडेच झाल्या. काकू रोज पोस्टमनला विचारायची, पत्र आहे का." १९८७ च्या जुलैमध्ये करार झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून सैन्य उतरायला लागलं. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये परतली. मधल्या काळात आपले हजाराहून जास्त जवान गेले. संसदेत चर्चा झाल्या, प्रश्न विचारले गेले. पण 'अजून सहा महिने ठेवायचं का?' यावर मत द्यायची वेळ कायद्याने कोणावरच आली नव्हती.

मौन म्हणजे संमती, असं आपण सहज म्हणतो. लग्नाच्या बैठकीत ते चालत असेल. सैन्याच्या बाबतीत मौनाचा अर्थ काय, हे आधीच कागदावर लिहून ठेवायला हवं, असं माझा नवा चॅप्टर म्हणतो. तक्ता पुन्हा केलाय. तो रकाना आता पहिला आहे.